एक्सेल: ०१.०४.२०२६ खाली ओढलं की दिवस वाढत नाही, साल वाढतं (पिग्मी भरणा रजिस्टर)

खतावणी

पतसंस्थेच्या पिग्मी भरण्याचं (एजंट रोज गोळा करतात त्या छोट्या ठेवींचं) नव्या आर्थिक वर्षाचं रजिस्टर एक्सेल २०१९ मध्ये तयार करते आहे. ए स्तंभात १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७ अशा तारखा हव्यात. आमच्याकडे तारीख पहिल्यापासून टिंब देऊनच लिहितात, म्हणून ए२ मध्ये ०१.०४.२०२६ टाकलं आणि कोपरा धरून खाली ओढलं. तर खाली ०१.०४.२०२७, ०१.०४.२०२८ असं यायला लागलं.

दुसरं म्हणजे गोळा झालेली रक्कम बँकेत भरायची असते, त्यामुळे बँक बंद असेल ती तारीख रजिस्टरमध्ये नकोच. रविवार, दुसरा आणि चौथा शनिवार, शिवाय सणांच्या सुट्या. हे सगळं हाताने पुसत बसण्यापेक्षा आपोआप होईल का? छापील प्रतीवर तारीख टिंबांचीच दिसायला हवी.

रोजमेळ

आधी साल का वाढतंय ते बघू, कारण तेवढं सुटल्याशिवाय पुढचं कुठलंच सूत्र चालणार नाही.

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे एक पूर्णांक. १ जानेवारी १९०० हा १, तिथून एकेक दिवस मोजत १ एप्रिल २०२६ चा क्रमांक येतो ४६११३. तुम्ही टाइप केलेलं तारीख म्हणून ओळखू आलं तरच हा क्रमांक साठवला जातो. ओळख विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवरून होते, आणि भारतीय सेटिंगमध्ये दिवस-महिना-वर्षाच्या मध्ये आडवी रेघ किंवा तिरपी रेघ चालते, टिंब चालत नाही. म्हणून ०१.०४.२०२६ हा साधा मजकूर ठरला. मजकुराच्या शेवटी अंक असतील तर ओढताना एक्सेल तेवढेच अंक वाढवतो. 'पावती १' ओढल्यावर 'पावती २' येते तोच हा प्रकार. तुमच्या मजकुराच्या शेवटी २०२६ आहे, म्हणून साल वाढलं.

तारीख खरी की मजकूर, हे ओळखायचं तर सेल निवडा, फॉरमॅट 'जनरल' करा आणि काय दिसतं ते बघा:

- ४६११३ दिसलं तर १ एप्रिल, सगळं ठीक.
- काहीच बदललं नाही तर मजकूर.
- ४६०२६ दिसलं तर संगणक अमेरिकन पद्धतीवर आहे आणि त्याने ०१/०४ चा अर्थ ४ जानेवारी घेतला आहे.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा. ओढल्यावर ०१/०५/२०२६, ०१/०६/२०२६ असं दिसतं आणि आपल्याला वाटतं महिने वाढतायत. प्रत्यक्षात जानेवारीचे दिवस वाढत असतात. पुढे ०१/१३/२०२६ आलं की मग कळतं. संगणक असा निघाला तर कंट्रोल पॅनेलच्या 'रीजन'मध्ये 'इंग्लिश (इंडिया)' निवडा आणि एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. आधी चुकीच्या पडलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत, त्या पुन्हा टाकाव्या लागतात.

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. टाइप करताना १/४/२०२६ टाका, अंक इंग्रजी कळफलकाचे. मग स्तंभ निवडून कंट्रोल आणि १, 'नंबर' टॅबमध्ये 'कस्टम', आणि टाइपच्या चौकटीत डीडी.एमएम.वायवायवायवाय (अर्थात इंग्रजी अक्षरांत). दिसताना ०१.०४.२०२६ दिसेल, आत मात्र ४६११३ असेल. छापील प्रतही टिंबांचीच निघेल.

जुन्या रजिस्टरमध्ये टिंबांच्या मजकूर-तारखा भरलेल्या असतील तर त्या पुन्हा टाइप करू नका. तो स्तंभ निवडा, 'डेटा' मेनूमधून 'टेक्स्ट टू कॉलम्स', दोनदा 'नेक्स्ट', तिसऱ्या पायरीवर 'डेट' निवडून शेजारच्या यादीत 'डीएमवाय', मग 'फिनिश'. सगळ्या तारखा जागच्या जागी खऱ्या होतात. टिंब शोधून तिरपी रेघ बदलून टाकायची युक्ती बरेच जण सांगतात, पण सेलचा फॉरमॅट 'टेक्स्ट' असेल तर बदलूनही तो मजकूरच राहतो.

लालशाई

तारीख खरी झाली की ओढण्याचे प्रकार. फिल हँडल, म्हणजे सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला चौकोन, डाव्या बटणाने ओढला की रोजची तारीख येते. कंट्रोल दाबून ओढला तर तीच तारीख खाली उतरते. उजव्या बटणाने ओढून सोडला तर मेनू येतो: फिल डेज, फिल वीकडेज, फिल मंथ्स, फिल यीअर्स. शेजारच्या स्तंभात नावं आधीच भरलेली असतील तर चौकोनावर डबल क्लिक करा, नावं संपतील तिथपर्यंत तारखा जातील. आठवड्याच्या बैठकीसाठी पहिल्या दोन तारखा सात दिवसांच्या अंतराने टाकून दोन्ही सेल एकत्र निवडून ओढायच्या.

वर्षभराच्या तारखांसाठी मात्र ओढत बसू नये, हात निसटतो. ए२ मध्ये १/४/२०२६ टाका, तोच सेल निवडून 'होम' टॅबच्या उजवीकडे 'फिल', त्यात 'सिरीज'. 'सिरीज इन' मध्ये 'कॉलम्स' (हे राहिलं तर तारखा आडव्या पळतात), टाइप 'डेट', युनिट 'डे', स्टेप १, स्टॉप व्हॅल्यू ३१/३/२०२७. ओके केलं की ए२ ते ए३६६ अशा बरोबर ३६५ तारखा भरतात.

'वीकडे' पर्याय शनिवार आणि रविवार दोन्ही गाळतो. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यांच्या हजेरीला तो चालतो. बँकेला नाही, कारण पहिला, तिसरा आणि पाचवा शनिवार बँक पूर्ण दिवस चालू असते. सुट्या तर या पर्यायाला माहीतच नसतात.

दोन अडचणी हमखास येतात. चौकोनच दिसत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड मध्ये 'एनेबल फिल हँडल' बंद आहे. आणि फिल्टर लावलेला असताना ओढलं तर मालिका न होता एकच तारीख खाली उतरते. फिल्टर काढूनच भरा.

आकडेमोड

बँकेच्या तारखांसाठी सूत्रच हवं. फंक्शनची नावं आणि स्तंभांची अक्षरं इथे देवनागरीत लिहितो, शीटमध्ये ती आणि अंकही इंग्रजीतच टाकायचे.

कामाचं फंक्शन आहे वर्कडे.आयएनटीएल, एक्सेल २०१० पासून मिळतं. त्याला चार गोष्टी लागतात: सुरुवातीची तारीख, किती कामाचे दिवस पुढे जायचं, साप्ताहिक सुटीचा क्रमांक, आणि इतर सुट्यांची यादी. साप्ताहिक सुटीसाठी १ म्हणजे शनिवार-रविवार आणि ११ म्हणजे फक्त रविवार. आपल्याला ११ हवा. दुसरा-चौथा शनिवार हा प्रकार या फंक्शनला कळत नाही, म्हणून ते शनिवार इतर सुट्यांच्या यादीत टाकायचे. ही पद्धत १ सप्टेंबर २०१५ पासून देशभर सगळ्या बँकांना एकच आहे, त्यामुळे ते शनिवार सूत्राने काढता येतात.

जे२ मध्ये १/४/२०२६ टाका आणि उजव्या बटणाने जे१३ पर्यंत ओढून 'फिल मंथ्स' करा. बारा महिन्यांच्या पहिल्या तारखा आल्या. मग:

के२ मध्ये: =जे२+१४-वीकडे(जे२)
एल२ मध्ये: =जे२+२८-वीकडे(जे२)

दोन्ही तेराव्या ओळीपर्यंत खाली न्या. वीकडे फंक्शन रविवारला १ आणि शनिवारला ७ देतं. १ एप्रिल २०२६ ला बुधवार आहे, म्हणजे ४. १ तारखेत १४ मिळवून ४ वजा केले की ११ एप्रिल, दुसरा शनिवार. २८ ने २५ एप्रिल, चौथा. महिना कुठल्याही वारी सुरू होवो, हे चुकत नाही.

या २४ तारखा कॉपी करून एच स्तंभात एकाखाली एक 'पेस्ट व्हॅल्यूज' करा. त्यांच्याखाली रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या आपल्या भागाच्या सुट्या टाका. प्रत्येक विभागाची यादी वेगळी असते, मुंबई आणि नागपूरची आपापली बघा. १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँका ग्राहकांना बंद असतात, ती तारीख हमखास विसरली जाते आणि रजिस्टरची पहिलीच ओळ चुकते.

आता एफ१ मध्ये १/४/२०२६ ठेवा.

ए२ मध्ये: =वर्कडे.आयएनटीएल(एफ१-१,१,११,$एच$२:$एच$६०)
ए३ मध्ये: =वर्कडे.आयएनटीएल(ए२,१,११,$एच$२:$एच$६०)

ए३ खाली ओढा, ३१ मार्च २०२७ येईपर्यंत.

एफ१ मधून १ का वजा केला? हे फंक्शन दिलेल्या तारखेच्या पुढचा कामाचा दिवस देतं, दिलेली तारीख मोजत नाही. वजा न केल्यास पहिल्या दिवशी बँक चालू असली तरी तो दिवस गळतो. आणि डॉलरची चिन्हं विसरू नका. ती नसली तर ओढताना सुट्यांची यादीही एकेक ओळ खाली सरकते, वरच्या सुट्या एकेक करून निसटतात, आणि कुठेही चूक म्हणून दाखवत नाही. एच६० पर्यंतचे रिकामे सेल मात्र त्रास देत नाहीत, उगीच मोजून पल्ला देऊ नका.

एप्रिलवर ताडून बघा. यादीत १, ३ (गुड फ्रायडे) आणि १४ एप्रिल टाकले असतील तर स्तंभ असा यायला हवा: २, ४, ६, ७, ८, ९, १०, १३, १५, १६, १७, १८, २०, २१, २२, २३, २४, २७, २८, २९, ३०. ४ आणि १८ हे पहिला आणि तिसरा शनिवार, म्हणून आत. ११ आणि २५ बाहेर. एकूण २१ दिवस. हाच आकडा एका सूत्राने पडताळता येतो, आधी पहिली आणि शेवटची तारीख वेगळ्या सेलमध्ये ठेवून: =नेटवर्कडेज.आयएनटीएल(एफ१,एफ२,११,$एच$२:$एच$६०), एफ२ मध्ये ३०/४/२०२६.

एक्सेल २०२१ किंवा ३६५ असेल तर ओढण्याचीही गरज नाही, ए२ मध्ये एकच सूत्र पुरतं (यातला २१ हा एप्रिलच्या दिवसांचा आकडा): =वर्कडे.आयएनटीएल(एफ१-१,सीक्वेन्स(२१),११,$एच$२:$एच$६०). २०१९ मध्ये सीक्वेन्स नाही, तुम्ही ओढूनच करा.

खतावणी

टेक्स्ट टू कॉलम्सने जुनं रजिस्टर एका झटक्यात सरळ झालं, आभार. नव्यात मात्र ए२ मध्ये तारीख न येता ४६११४ आकडा आला, आणि यादीत सणांच्या सुट्या टाकल्यावर तर 'व्हॅल्यू'ची चूक येते. सुट्या एका पीडीएफमधून चिकटवल्या आहेत.

आणखी एक. कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता याच फाइलमध्ये आहे. ३१ जानेवारी २०२७ पासून दर महिन्याचा शेवटचा दिवस हवा. ईडेट (तारखेत महिने मिळवणारं फंक्शन) वापरलं तर मार्चपासून सगळीकडे २८ तारीखच येते.

आकडेमोड

४६११४ म्हणजे २ एप्रिल २०२६, उत्तर बरोबर आहे. सेल 'जनरल' आहे म्हणून क्रमांक दिसतोय. मघाचा टिंबांचा कस्टम फॉरमॅट त्या स्तंभालाही लावा. आकड्याऐवजी नुसते ##### दिसले तर स्तंभ अरुंद आहे, रुंद करा.

'व्हॅल्यू'ची चूक सुट्यांच्या यादीत मजकूर शिरल्यामुळे. पीडीएफमधून आलेली एखादी तारीख तारीख नाही. एच स्तंभाशेजारी रिकाम्या स्तंभात =इझनंबर(एच२) टाकून खाली न्या. जिथे 'फॉल्स' येईल तो सेल एकतर रिकामा असेल किंवा दोषी. पूर्ण एच स्तंभावर टेक्स्ट टू कॉलम्स डीएमवायने चालवा, आणि तरी उरलेल्या एकदोन हाताने टाइप करा. पीडीएफमधल्या तारखेच्या मागेपुढे न दिसणारी मोकळी जागा असते, तिच्यामुळे एखादी अडते.

हप्त्यांचं कारण वेगळं. तुम्ही प्रत्येक तारीख वरच्या तारखेवरून काढताय. ३१ जानेवारीवरून २८ फेब्रुवारी येते ते बरोबर, पण पुढची ओळ २८ फेब्रुवारीवरून मोजते, तिला ३१ ची आठवण नाही. मग २८ मार्च, २८ एप्रिल असंच पुढे.

शेवटचा दिवसच हवा असेल तर ईओमंथ वापरा: ए३ मध्ये =ईओमंथ(ए२,१). ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल.

पण हप्ता ३० तारखेचा ठरला असेल तर ईओमंथ चुकेल, तो मार्चमध्ये ३१ देईल. तिथे प्रत्येक वेळी मूळ तारखेपासून मोजायचं: =ईडेट($ए$२,रोज($ए$२:ए२)), ए३ मध्ये टाकून खाली ओढा. रोज फंक्शन (इंग्रजी 'रो' म्हणजे ओळ, त्याचं अनेकवचन) पल्ल्यातल्या ओळी मोजतं, म्हणून ए३ मध्ये १, ए४ मध्ये २ असे महिने आपोआप वाढतात. फेब्रुवारीत २८, मार्चमध्ये परत ३०. ओळीचा क्रमांक थेट वापरून हेच करतात काही जण, पण वर एखादी ओळ घातली की सगळे हप्ते महिनाभर सरकतात.

मुक्तस्रोत

लिबरऑफिस कॅल्कवाल्यांसाठी. इथे टिंबांची अडचण मुळातच सोडवता येते. टूल्स, ऑप्शन्स, 'लँग्वेजेस अँड लोकेल्स' मध्ये 'डेट ॲक्सेप्टन्स पॅटर्न्स' ही चौकट आहे. तिथे आधी असलेल्याच्या पुढे अर्धविराम देऊन डी.एम.वाय जोडा. मग ०१.०४.२०२६ टाइप केलेलंच खरी तारीख होतं. नुसतं डी.एम जोडू नका, नाहीतर रकमेच्या स्तंभात १.५ टाकलं की ती १ मे होईल. मालिका भरायची खिडकी शीट मेनूत 'फिल सेल्स'खाली 'फिल सिरीज'. वरची दोन्ही वर्कडे सूत्रं जशीच्या तशी चालतात.

गूगल शीट्समध्ये उजव्या बटणाने ओढायचा मेनू नाही. महिने हवे असतील तर १/४ आणि १/५ अशा दोन तारखा टाकून दोन्ही निवडून ओढा. फाइल, सेटिंग्जमध्ये 'लोकेल' आधी 'इंडिया' करून घ्या. हे सेटिंग फाइलचं असतं, म्हणजे ज्यांच्याशी ती शेअर आहे त्या सगळ्यांना लागू होतं. म्हणून तारखा भरण्याआधीच करा, नंतर नको.

लालशाई

@खतावणी, तारखेशेजारी वारही लागेलच. सोम, मंगळ, बुध असा वेगळा स्तंभ ओढून भरू नका. सुटीची तारीख गळली की वार तसाच पुढे जातो आणि तिथून खाली सगळं चुकतं. वार तारखेवरूनच काढा:

=चूज(वीकडे(ए२),"रवि","सोम","मंगळ","बुध","गुरु","शुक्र","शनि")

एका शब्दात वार दिसला की सुट्यांच्या यादीतली चूकही नजरेला पडते. 'रवि' कुठेच दिसता कामा नये.

एजंटांची महिन्याची आडवी हजेरी करत असाल, ३१ रकान्यांची, तर छोट्या महिन्यांत पुढच्या महिन्याच्या तारखा शेवटी डोकावतात. बी१ मध्ये महिन्याची पहिली तारीख, सी३ मध्ये =बी१, आणि डी३ पासून उजवीकडे: =इफ(सी३="","",इफ(मंथ(सी३+१)=मंथ($बी$१),सी३+१,"")). बी१ बदलला की पूर्ण महिना बदलतो, एप्रिलमध्ये ३१ वा रकाना रिकामा राहतो. दुसरा-चौथा शनिवार करडा करायचा असेल तर सी३ पासूनचे रकाने निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये: =अँड(वीकडे(सी$३)=७,ऑर(इंट((डे(सी$३)-१)/७)=१,इंट((डे(सी$३)-१)/७)=३)). ८ ते १४ मधला शनिवार नेहमी दुसरा आणि २२ ते २८ मधला नेहमी चौथा, एवढंच त्यात आहे.

रोजमेळ

रजिस्टर वापरायला देण्याआधी एक गोष्ट नक्की करा. ए स्तंभात प्रत्येक तारीख वरच्या तारखेवर टेकलेली आहे. कुणी मधली एक ओळ उडवली तर खाली शेवटपर्यंत 'रेफ'ची चूक येते, आणि रकमेनुसार सॉर्ट केलं तर तारखा सगळ्या गडबडतात. वर्षाच्या तारखा तपासून झाल्या की ए स्तंभ कॉपी करा, तिथेच कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही, मग व्ही आणि एंटर. सूत्रं जातात, तारखा राहतात. मूळ सूत्रांची फाइल वेगळ्या नावाने ठेवा, पुढच्या वर्षी एफ१ आणि सुट्यांची यादी बदलली, आणि जे२ बदलून जे१३ पर्यंत पुन्हा 'फिल मंथ्स' केलं की झालं. शनिवार मात्र नव्याने 'पेस्ट व्हॅल्यूज' करावे लागतील, एच मध्ये जुन्या वर्षाचे बसलेले असतात.

भरणा केल्याची तारीख टाकायच्या रकान्यात टुडे फंक्शन अजिबात नको, ते रोज बदलतं आणि कालच्या भरण्यावर आजची तारीख दिसते. तिथे कंट्रोल आणि अर्धविराम दाबा, आजची तारीख कायमची बसते.